जागा अडवणारी गिटार

जबाब देणारी : स्त्री, वय ५३ वर्षे. काम : वृद्धाश्रमाच्या धुलाई विभागात मुकादम. राहणार : वृद्धाश्रमाच्या मागच्या गल्लीत, बेकरीच्या वरचा मजला. कामावर आणि गल्लीत 'मावशी' या नावाने ओळखतात.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. माझा धाकटा भाऊ समोरच्या इमारतीत बायकामुलांसह राहतो. सभा-समारंभाला माईक आणि स्पीकर लावणे हे त्याचे काम. लहानपणापासून त्याचा आवाज मोठा, पुढे धंदाही तसलाच निघाला, म्हणून सगळे त्याला 'भोंगा' म्हणतात. या जबाबात भोंगा म्हटले आहे तो हाच.

एका गृहस्थांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला आज वाचून दाखवण्यात आली. तक्रारीत दोन गोष्टी आहेत. एक, त्यांच्या घरातली उत्तम गिटार मी गोड बोलून पडत्या भावात उपटली. दोन, त्यांच्या पत्नीला फूस लावून मी माझ्या घरी ठेवून घेतले. या दोन्हीबाबत जे घडले ते सांगते.

आमच्या वृद्धाश्रमात दर सोमवारी संध्याकाळच्या चहाआधी जेवणाच्या मोठ्या खोलीत गाण्याचा तास असतो. तो माझ्या नोकरीचा भाग नाही. चादरी वाळत घातल्या की मी मोकळी असते, म्हणून करते. मला गिटारीवर चार-पाच सूर धरता येतात, तेवढ्यावर जुनी गाणी निघतात. बाकी सगळे गातात. माझी गिटार साधी होती. तिचा आवाज दुसऱ्या रांगेच्या पुढे जात नसे, आणि आमच्याकडे निम्म्याहून जास्त मंडळींना ऐकू कमी येते. मागच्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसतात. त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मावशी, वाजवते आहेस की खाजवते आहेस?" सगळे हसले. मीही हसले. पण त्या आठवड्यापासून मागच्या रांगेतले लोक तासाला यायचे बंद झाले. आमच्याकडे खोलीत बसून राहायला लागलेला माणूस पुन्हा बाहेर काढायला फार कष्ट पडतात. म्हणून मी वायरची गिटार घ्यायचे ठरवले.

वायरची म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगते की, तिला पोकळ लाकडी पोट असते, म्हणजे ती नुसतीही वाजते, आणि आत आवाज पकडणारी पट्टी व कडेला वायरचे भोक असते, म्हणजे स्पीकरलाही जोडता येते. नवी घेणे मला झेपणारे नव्हते. जुनी शोधायची ठरली आणि पारखायला भोंगा बरोबर आला.

भोंग्याचे म्हणणे असे की, जुनी गिटार आणि भाड्याची खोली वरवरचा रंग बघून घ्यायची नसते. गिटारीच्या मानेवरून तो बंदुकीचा नेम धरल्यासारखा एक डोळा मिटून बघतो. मान वाकडी असेल तर तिथेच नमस्कार. मग मानेवरच्या प्रत्येक पट्टीवर तार दाबून कुठे खरखर होते का बघतो. भोकातून मोबाईलची बॅटरी मारून आतल्या लाकडाला तडा आहे का ते पाहतो. शेवटी वायर जोडून ती हलवतो. त्याचा हात बघून मीही हे शिकले.

पहिली गिटार एका महाविद्यालयीन मुलीची होती. दिसायला झकास, पण वायर हलवली तरच आवाज यायचा, स्थिर धरली की बंद. भोंगा तिला म्हणाला, "बाळ, ही गिटार नाही, हा दारावरचा कुत्रा आहे. हललं की भुंकतो." तिलाही हसू आले आणि आम्ही निघालो. दुसरी एका प्लंबरकडे होती. तिचे पोट तारा अडकवायच्या घोडीच्या मागे फुगले होते आणि तारा पट्ट्यांपासून इतक्या वर आल्या होत्या की माझी बोटे दाबून दाबून लाल झाली. प्लंबर म्हणाला, "हाताला व्यायाम होतो." मी म्हणाले, "दादा, दिवसभर ओल्या चादरी पिळते, व्यायाम पुष्कळ आहे."

तिसरी जाहिरात मोबाईलवर होती. तिच्यात लिहिले होते, 'वायर लागणारी गिटार. वापरात नाही. घरात जागा अडते. लगेच नेणाऱ्यास कमी दरात.' ती तक्रारदार गृहस्थांची. शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चौथा मजला, लिफ्ट आहे. दाराशी घंटा दाबली, ती वाजली नाही. भोंग्याने दार ठोठावले.

गृहस्थ घरी एकटेच होते. पंचेचाळिशीच्या आसपासचे, नीटनेटके, बोलणे मवाळ. वाहनांच्या विम्याच्या कचेरीत असतो असे त्यांनी आपण होऊन सांगितले. पाणी विचारले. घर इतके आवरलेले की पायपुसण्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. गिटार आतल्या खोलीत पलंगावर काढून ठेवली होती.

भोंग्याने मानेवरून नेम धरला. पट्ट्या दाबल्या. कुठेही खरखर नाही. लाकडाला तेल दिलेले होते. तारा नव्या होत्या, कापलेली टोके अजून चकचकत होती. आम्ही बरोबर आणलेल्या छोट्या स्पीकरला त्याने वायर जोडली. आवाज असा आला की मी खुर्चीत सरळ बसले. भोंगा माझ्या कानाशी आला आणि त्याच्या परीने हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असा, म्हणाला, "ताई, ही रोज हातात असलेली गिटार आहे. कुठेतरी पाणी मुरतंय."

मी गृहस्थांना विचारले, "वाजवतं कोण?"

ते म्हणाले, "बायको वाजवायची. आता बंद केलंय. बोटं दुखतात तिची."

भोंग्याने विचारले, "गिटारीतली बॅटरी कधी बदललीय?"

ते म्हणाले, "त्याला बॅटरी असते?"

मी विचारले, "बाई घरी नाहीत का? त्यांना विचारून घेतलं असतं."

ते म्हणाले, "आईकडे गेलीय. आणि विचारायचं काय त्यात? घरातलं सामान आहे." मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "आजच नेणार असाल तर आणखी कमी करतो."

भाव मी पाडला नाही. पैसे मोजून दिले आणि गिटार तिच्या खोळीत घालून घेतली. मी गोड बोलले असे तक्रारीत म्हटले आहे. मी त्या घरात जे बोलले ते वर सांगितले आहे, त्यात गोड काय ते साहेबांनी ठरवावे.

लिफ्टपाशी शेजारच्या बाई भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. भोंग्याच्या पाठीवरची खोळ बघून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आमच्या टीचरची. दुरुस्तीला चालली का? माझ्या मुलीचा मंगळवारी क्लास आहे."

मी म्हणाले, "त्या क्लास घेतात?"

त्या म्हणाल्या, "नऊ-दहा मुलं येतात की. गेले दोन महिने घंटाच बंद ठेवलीय त्यांनी, मुलं दार वाजवतात."

मी परत वर जाऊन त्या गृहस्थांशी वाद घातला नाही. वाद घालून ती गिटार त्यांच्याकडेच राहिली असती आणि लगेच नेणारा दुसरा कोणीतरी आला असता. मी शेजारच्या बाईंना माझा मोबाईल नंबर आणि कामाचा पत्ता दिला आणि म्हणाले, "टीचर आल्या की सांगा, गिटार सुखरूप आहे."

रविवारी मी गिटार खोळीतून काढली नाही.

सोमवारी दुपारी मी धुलाई विभागात होते. मोठे यंत्र चालू होते, त्यामुळे कोणी आत आलेले कळले नाही. मागे वळले तर दारात एक बाई उभी. चाळिशीच्या आतली, बारीक अंगाची, खांद्याला प्रवासाची पिशवी. ती म्हणाली, "शनिवारी गिटार घेतलीत त्या तुम्हीच का?" मी यंत्र बंद केले. या तक्रारदारांच्या पत्नी. यापुढे मी त्यांना टीचर म्हणते.

टीचरनी सांगितले की, त्यांच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते म्हणून त्या चार दिवस माहेरी होत्या. सकाळी घरी आल्या तर गिटार ठेवायच्या कोपऱ्यात चपलांचे नवे कपाट उभे होते. त्यांनी नवऱ्याला विचारले, तर ते म्हणाले, "किती दिवस चपला दारात पडायच्या?" गिटारीबद्दल काहीच बोलले नाहीत आणि कामावर निघून गेले. मग टीचरनी शेजारी विचारले.

हे सगळे त्यांनी चादरींच्या ढिगाशी उभ्या उभ्याच सांगितले. डोळ्यात पाणी नव्हते. फक्त मधे मधे एक चादर घेऊन तिची घडी घालत होत्या, कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून. मी किती दिले ते विचारून त्यांनी पिशवीतून पैसे काढले. तेवढे घेऊन मी गिटार परत द्यायचे कबूल केले. त्यावर पावती वगैरे काही झाली नाही.

मी त्यांना म्हणाले, "गिटार वर जेवणाच्या खोलीत आहे. घेऊन जा."

त्यांनी विचारले, "तिथे का?"

मी गाण्याच्या तासाचे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तास होऊ दे. तुम्ही वाजवा, मी बसते."

मी म्हणाले, "तुमच्यासमोर मी वाजवू? त्यापेक्षा चादरी पिळते."

म्हणून त्या दिवशी टीचरनी वाजवले. भोंग्याचा स्पीकर मागच्या रांगेकडे तोंड करून ठेवला. सुरुवातीला नेहमीचेच सात-आठ जण होते. दुसऱ्या गाण्याला बाजूच्या खोल्यांची दारे उघडली. काठ्या आणि चाकाच्या खुर्च्या येऊ लागल्या, खुर्च्या कमी पडल्या तेव्हा स्वयंपाकघरातली बाके आणली. मुख्याध्यापिका बाई शेवटच्या रांगेतून म्हणाल्या, "आवाज थोडा कमी करा, मी काही बहिरी नाही." त्या दिवशी चहा उशिरा झाला आणि त्याबद्दल व्यवस्थापकांनी मला लेखी विचारले आहे.

तास संपल्यावर टीचर गिटार पुसत बसल्या. मी विचारले, "बोटं दुखतात का तुमची?" त्यांनी डाव्या हाताची बोटे मला दाखवली. टोकांना घट्टे होते, दगडासारखे. "हे असतात तोवर दुखत नाहीत," त्या म्हणाल्या. "वाजवणं सोडलं की हे जातात. मग दुखतं."

त्यांच्या नवऱ्याने मारहाण केल्याचे त्या बोलल्या का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. मीच विचारले होते. त्या म्हणाल्या, "हात कधी उचलला नाही. उचलला असता तर कुणाला सांगायला सोपं गेलं असतं." आधी मुलांच्या क्लासचा त्रास होतो म्हणून घंटेची तार काढली. मग मुलांची बसायची स्टुले कुणाला तरी देऊन टाकली. मग क्लास फक्त ते कामावर असताना घ्यायचा असे ठरले. दर वेळी ते शांतपणे बोलत, आणि दर वेळी त्यांचे म्हणणे थोडे थोडे बरोबरही वाटे, असे टीचर म्हणाल्या. त्या संध्याकाळी गिटार माझ्याकडेच ठेवून त्या घरी गेल्या. "आज नेली तर उद्या पुन्हा जाहिरात येईल," एवढेच म्हणाल्या.

जाताना त्यांनी मला विचारले, "मावशी, माझी तर मिळाली. तुमचं काय?" मी म्हणाले, बघू. त्या म्हणाल्या, "बघू-बिघू नाही. बुधवारी तुमची सुट्टी असते ना? मी निवडून देते."

बुधवारचा भाग तक्रारीत 'फूस लावून नेले' असा आहे. त्या दिवशी टीचर माझ्या घरी आपण होऊन आल्या. त्यांची गिटार बरोबर हवी म्हणाल्या, दुसरी पारखताना कानाला माप लागते म्हणून. आम्ही टॅक्सीने जुन्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान वयस्क बाईंचे आहे. त्या स्वतः पूर्वी व्हायोलिन वाजवत, आता मान दुखते म्हणून विकतात.

मी सरळ चकचकीत लाल गिटारीकडे गेले. टीचरनी मला हात पुढे करायला सांगितले. माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला. धुलाईच्या कामाने माझी बोटे जाड झाली आहेत आणि तर्जनी पूर्ण वाकत नाही. त्या म्हणाल्या, "गिटार हाताला बघून घ्यायची, डोळ्यांना बघून नाही. या लालची मान रुंद आहे. महिनाभरात तुम्ही तिला कपाटावर टाकाल." मग त्यांनी एकेक गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि मला फक्त एकच सूर धरायला लावला, तोच तो. माझा चेहरा बघून त्या गिटार काढून घेत आणि दुसरी देत. मी काही बोलायच्या आत त्यांना कळे.

शेवटी एक तपकिरी गिटार ठेवली. तिच्या पाठीवर कुणाच्या तरी पट्ट्याच्या बक्कलने मोठा ओरखडा पडला होता. मी म्हणाले, "ही फार ओरबाडलेली आहे हो."

टीचर म्हणाल्या, "ओरखडा पाठीवर आहे. ऐकणाऱ्याला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही. फक्त विकणाऱ्याला दिसतो, म्हणून ती तुम्हाला परवडते."

दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "माझ्याच दुकानात मलाच शिकवा," आणि हसल्या.

वायर जोडली. टीचरनी वायर हलवून पाहिली, आवाजाची चाके पुढे-मागे फिरवली, एक चाक कुरकुरले तेव्हा त्यावर दुकानवाल्या बाईंकडून मळ काढायचा फवारा मारून घेतला. मग आपली गिटार काढून दोन्हींचे सूर जुळवले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही तो एकच सूर धरून ठेवा, सोडू नका." मी धरला. त्यावर त्यांनी काय वाजवले ते मला सांगता येणार नाही. दुकानात दोन गिऱ्हाइके होती, ती थांबली. माझे बोट दुखत होते पण मी सूर सोडला नाही. तपकिरी गिटार मी घेतली. ती माझी असून तिच्याबद्दल कोणाचा वाद नाही.

दुकानवाल्या बाई टीचरना म्हणाल्या, "वरची खोली सकाळी रिकामी असते. शिकवणारं कोणी टिकत नाही. येता का?"

टीचर म्हणाल्या, "घरी विचारून सांगते."

आम्ही बाहेर पडलो. टॅक्सी थांबवली. मी दोन्ही गिटारी आत ठेवल्या. टीचर दाराला हात लावून उभ्याच राहिल्या. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, बसताय ना?" त्या परत दुकानात गेल्या. काच असल्याने मला आत दिसत होते, ऐकू येत नव्हते. परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून येते म्हणून सांगितलं." त्यांच्या इमारतीकडे वळायचा रस्ता आला तेव्हा म्हणाल्या, "मावशी, मी तुमच्याकडे काही दिवस राहिले तर चालेल?"

मी त्यावर काय म्हणाले असे मला दोनदा विचारण्यात आले. मी म्हणाले, "गादी पातळ आहे." याहून वेगळी कोणतीही फूस मी लावलेली नाही. घर सोडा, नवऱ्याला सोडा, असे मी एका शब्दाने म्हटलेले नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्यासमोर नवऱ्याला फोन करून आपण कुठे आहोत ते सांगितले. पत्ता लपवला असता तर तक्रारदार माझ्या दारात कसे आले असते?

शुक्रवारी संध्याकाळी तक्रारदार माझ्या घरी आले. मी दार उघडले. टीचर आतल्या खोलीत गिटार वाजवत होत्या. गृहस्थांच्या हातात कागदी पिशवी होती. आवाज चढवला नाही, शिवीगाळ केली नाही, हे मी मुद्दाम सांगते. म्हणाले, "तिला सांगा, मी आलोय."

मी आत जाऊन सांगितले. टीचरनी मान हलवली. वाजवणे थांबवले नाही.

मी बाहेर येऊन म्हणाले, "ऐकलं त्यांनी."

ते म्हणाले, "गिटार मी तुमच्याकडून परत विकत घेतो. तुम्ही म्हणाल त्या किमतीला. मग ती येईल."

मी म्हणाले, "माझ्याकडे विकायला काही नाही. एक माझी आहे, एक त्यांची आहे."

ते म्हणाले, "मी तिच्या वाईटावर होतो का? दिवसभर डोकं पिकून घरी यायचं आणि घरात परकी पोरं. मी कधी ओरडलो? विचारा तिला."

मी म्हणाले, "ओरडला नाहीत, हे त्यांनीही सांगितलं."

मग त्यांनी पिशवी पुढे केली. "हे राहिलं होतं. कपाटामागे सापडलं." पिशवीत वाजवताना पायाखाली घ्यायची लहान घडीची पायरी होती. मी ती आत नेली. टीचरनी तिच्याकडे पाहिले. एका हाताने ती उघडून खाली ठेवली, डावा पाय वर घेतला आणि गाणे जिथे होते तिथून पुढे सुरू केले.

गृहस्थ उंबऱ्यातच उभे होते. मी त्यांना आत बोलावले नाही आणि जा असेही म्हटले नाही. गाणे संपेपर्यंत ते उभे राहिले. संपल्यावर म्हणाले, "हे घरी कधी वाजवलं नाही तिने."

मी म्हणाले, "वाजवत असतील. तुम्ही कामावर गेल्यावर."

ते जिना उतरून गेले. बेकरीवाल्याने मला नंतर सांगितले की ते खाली बराच वेळ उभे होते, पाव मात्र घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी येथे तक्रार दिली.

टीचर सध्या कुठे आहेत असे विचारल्यावरून सांगते की, माझ्याच घरी आहेत, सज्ञान आहेत, आणि दाराला आतून कडी आहे ती त्यांना स्वतःला काढता येते. पुढे काय करायचे ते त्यांनी ठरवलेले नाही. नवऱ्याशी बोलणार आहेत, पण घरात नाही, दुकानाच्या वरच्या खोलीत, असे म्हणाल्या आहेत. तिथे क्लास सुरू झाला आहे. शेजारच्या बाईंची मुलगी आणि आणखी पाच मुले येतात. येथे जबाब द्यायला बोलावल्यास त्या येतील. फक्त सकाळी क्लासच्या वेळेत बोलावू नये अशी त्यांची विनंती आहे.

तडजोड म्हणून गिटार तक्रारदारांच्या ताब्यात देण्यास तयार आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, जी वस्तू माझी नाही ती देण्याचा मला अधिकार नाही. शनिवारी ती विकण्याचा कोणाला होता, हे साहेबांनी पाहावे. माझी तक्रारदारांविरुद्ध काही तक्रार नाही.

एवढेच मला माहीत आहे. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात एके ठिकाणी 'तक्रारदाराची गिटार' असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'तक्रारदाराच्या पत्नीची गिटार' असे करण्यात आले आणि खोडलेल्या जागी मी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष, (सही)